सुका बोंबील आणि पाचवा पत्ता

दिवाळी अंकात व्यवसायाचे अनुभव लिहायचे म्हटलं की डॉक्टर लिहितात, वकील लिहितात, निवृत्त पोलीस अधिकारी तर थांबतच नाहीत. त्यांच्याकडे मरणाच्या दारातून ओढून आणलेले पेशंट असतात, ऐनवेळी फुटलेले साक्षीदार असतात. माझ्याकडे यातलं काही नाही. मी घोडा होतो.

घाबरू नका, मी माणूसच आहे. ऑनलाइन पोकरच्या धंद्यात पैसे लावणारा एक असतो आणि त्याच्या पैशावर खेळणारा दुसरा. खेळणाऱ्याला घोडा म्हणतात. लावणाऱ्याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही, आम्ही शेठ म्हणायचो. जिंकलं तर अर्धं त्याचं अर्धं माझं, हरलं तर सगळं त्याचं. इतकी न्याय्य नोकरी सरकारातसुद्धा मिळत नाही. हे छापून आल्यावर मला कोणी धरायला येईल का, असं मी संपादकांना पुन्हा पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "तेव्हा बंदी नव्हती ना? मग लिहा की." त्यांचं काय जातंय.

आमचं गाव वाशीम जिल्ह्यात, एसटी जिथं वळून परत फिरते तिथून आणखी आत. शाळा आठवीत सुटली. मी ती सोडली की तिनं मला सोडलं, यावर घरात अजून दोन मतं आहेत. भिवंडीत मी "कॉम्प्युटरवर असतो" एवढंच गावाला माहीत होतं, आणि तेवढ्यावर आईनं गल्लीत बराच भाव खाल्ला होता. फोनवर ती विचारायची, "कॉम्प्युटरवर काय करून राह्यला रे बाप्पा दिवसभर?"

"वाट पाहतो."

"कोनाची?"

मी फोन ठेवायचो. पण खोटं बोललो नव्हतो. कमी पैशांच्या टेबलावरचं पोकर म्हणजे मुख्यतः वाट पाहणं. चांगले पत्ते येईपर्यंत वाईट पत्ते टाकत बसायचं. टाकण्याला फोल्ड म्हणतात. मी आयुष्यात सर्वांत जास्त वेळा केलेली गोष्ट कोणती असेल तर फोल्ड. श्वास घेण्याचा नंबर त्याच्या खालोखाल लागेल.

या धंद्यात मी कंबरेच्या कृपेनं आलो. त्याआधी कशेळीच्या एका गोदामात माल चढवायचो. एक दिवस मिक्सरच्या खोक्यांची थप्पी उचलताना कंबरेत असं काही झालं की मी थप्पीसकट खाली बसलो आणि थप्पी माझ्या आधी उठली. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे वजन उचलायचं नाही. वजन न उचलणाऱ्या हमालाला गोदामात जी किंमत असते ती मला मिळाली: लोक मला वळसा घालून जाऊ लागले.

गोदामाची जागा शेठची. शेठ म्हणजे तिथलेच, खाडीकाठचे आगरी. जिथं त्यांच्या वडिलांची भातशेती होती तिथं आता पत्र्याची गोदामं उभी होती आणि दर महिन्याला भाडं येत होतं. जेवणाच्या सुट्टीत मी भिंतीला टेकून मोबाइलवर पोकर खेळत होतो, फुकटच्या टेबलावर. शेठ मागं येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत राहिले. मी घाईनं मोबाइल लपवला.

"लपवतंस कशाला? खेल." मग म्हणाले, "तू फारसा जिकत न्हाय. पन हरत पन न्हाय. भितंस, म्हनून. मना भिनारी मानसा पायजेत. हिंमतवाली सगली बुरली."

माझ्या भित्रेपणाला कोणी पगार देईल असं मला कधी वाटलं नव्हतं. घरी त्यासाठी मार मिळायचा.

कामतघरला त्यांच्या एका बंद पडलेल्या लूमच्या कारखान्यावर माडी होती. तिथं त्यांनी कॉम्प्युटर मांडले, एका कोपऱ्यात स्वतःसाठी काचेची केबिन केली, आणि आम्हा घोड्यांना बांधलं. बाकीच्यांना प्लास्टिकच्या खुर्च्या. माझ्यासाठी मात्र शेठ एक दिवस टेम्पोत घालून वेगळीच खुर्ची घेऊन आले: चाकांची, उंच पाठीची, कंबरेला उशी असलेली. "बंद परलेल्या हापिसातून आनली. तुझी कंबर गेलेली हाय, तू हिच्यात बस." त्या खुर्चीत बसून मी पहिल्यांदा पाठ टेकली तेव्हा मला रडू आलं. मी ते खोकल्यात मिसळलं. राहायलाही मागचीच खोली मिळाली. एवढं सगळं एका माणसानं का करावं, हे मला कळत नव्हतं, आणि न कळणारी गोष्ट कधीही काढून घेतली जाते अशी माझी समजूत असल्यामुळे मी पहिल्या दिवसापासून ती खुर्ची जाण्याची काळजी करू लागलो.

आता खेळ थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. प्रत्येकाला दोन पत्ते, ते फक्त त्यालाच दिसतात. टेबलाच्या मधे एकूण पाच पत्ते उघडतात: आधी तीन एकदम, मग चौथा, मग पाचवा. ते सगळ्यांचे. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे. समोरच्यानं लावले तर आपण तेवढेच भरायचे, वाढवायचे किंवा पत्ते टाकायचे. शेवटच्या पाचव्या पत्त्याला रिव्हर म्हणतात. भिवंडीत नदी म्हटलं की कामवारी, आणि तिचं पाणी आज कुठल्या रंगाचं हे डाईंगवाल्यांना विचारावं लागतं. पोकरच्या रिव्हरचंही तसंच. पाचवा पत्ता येईपर्यंत आपण काय आहोत ते आपल्यालाच कळत नाही. तो आल्यावर जर हातात काहीच जमलं नसेल, तर जिंकायचा एकच रस्ता उरतो: जणू जमलंय अशा थाटात पैसे लावायचे आणि समोरचा घाबरून पत्ते टाकेल अशी आशा करायची. हा रिव्हरचा ब्लफ. सगळे टाकून निघाले तर आपले पत्ते कोणालाच दाखवावे लागत नाहीत.

मोबाइलवर शिकवणारे गुरू या ब्लफवर तासतासभर बोलतात. त्यांनी आमच्या टेबलावर एक दुपार काढावी. कमी पैशांच्या टेबलावर कोणी घाबरतच नाही. का घाबरत नाही हे समजायला मला महिनाभर गेला, आणि शेठचे बरेच पैसे.

झालं असं की नवा असताना मी एका गुरूचं ऐकून जोरदार ब्लफ मारला. मधे एक्का, राजा, राणी उघडे पडलेले. मी अशा आविर्भावात पैसे लावले की जणू दरबार माझाच. समोरच्यानं क्षणात पैसे भरले आणि दाखवली काय, तर दुर्रीची जोडी. मी चॅटमध्ये विचारलं, भाऊ, काय बघून भरलेस? त्याचं उत्तर आलं: "कुछ नहीं भाई, ऐसे ही. देखना था."

देखना था! शेठ माझ्यामागं उभे होते. म्हणाले, "ब्लफ कोनाला मारतंस? ज्याला मधले पत्ते वाचताच येत न्हाय त्याला? तो काय भिनार?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्याकडचा प्रत्येक माणूस तीन पत्तीवर वाढलेला. गौरीचं जागरण असो, दिवाळी असो, लग्नाच्या मांडवात वऱ्हाड येईपर्यंतचा वेळ असो. आणि तीन पत्तीत शेवटी काय करतात? शो मागतात. पैसे भरायचे आणि म्हणायचं, दाखव. हरलो तरी चालेल पण बघितल्याशिवाय सोडणार नाही. हा माणूस पोकरच्या टेबलावर आला तरी शो मागायलाच येतो. बघण्याची हौस हरण्याच्या दुःखापेक्षा मोठी असलेल्या देशात ब्लफचा धंदा कसा चालणार?

माझ्या शेजारी इर्शाद बसायचा. पूर्वी लूमवर कारीगर, मूळचा आजमगढचा. त्याचं एक शास्त्र होतं. "परमभाई, जुम्मे को ब्लफ मत मारना. लूम की छुट्टी है. आदमी के पास टाइम है. जिसके पास टाइम है वो देखेगा." (माझं नाव परमेश्वर. या नावाच्या माणसानं भित्रं असू नये, पण ते नाव ठेवणाऱ्यांनी बघायला हवं होतं.) इर्शादचं शास्त्र खरं होतं. शुक्रवारी आम्ही फक्त चांगले पत्ते आले तरच लावायचो आणि लोक प्रेमानं भरायचे. ब्लफ जर कोणावर चालायचा तर ‘डॉक्टरसाहेब’ नावाच्या एका गृहस्थावर. ते खेळायचे चांगलं, पण मधूनच एकदम पत्ते टाकायचे. आमचा अंदाज असा की तेव्हा दारात पेशंट यायचा. त्या पेशंटांचे आमच्यावर फार उपकार आहेत. देव त्यांना बरं करो, पण सावकाश.

तर या सगळ्या अनुभवातून मी ठरवलं होतं की कमी पैशांच्या टेबलावर रिव्हरचा ब्लफ तीन गोष्टी जुळल्या तरच करावा. समोरच्याला पत्ते वाचता आले पाहिजेत. आपण पहिल्या पत्त्यापासून जी गोष्ट सांगत आलो, शेवटचा पत्ता त्याच गोष्टीत बसला पाहिजे. आणि समोरच्याची खात्री हवी की हा माणूस खोटं बोलायला धजणारच नाही. या तीन गोष्टी एकत्र जुळत नाहीत, म्हणून मी ब्लफ करतच नसे आणि त्यामुळे माझी तिसरी गोष्ट दिवसेंदिवस पक्की होत गेली.

आणि मग आमच्या टेबलावर ‘सुका बोंबील’ आला.

हे त्याचं खेळातलं नाव. माझं नाव होतं ‘निवांत’, ते शेठनी ठेवलेलं, विनोद म्हणून. सुका बोंबील बाकीच्यांशी वाईट खेळायचा, शो मागून मागून हरायचा. पण माझ्यासमोर आला की वाघ. रिव्हरवर हमखास मोठी रक्कम लावायचा. आणि मी लावले की काही क्षणांनी केबिनमधून आवाज यायचा: टिंग.

ही टिंग म्हणजे या ॲपची खूण, आता तुझी पाळी. पहिल्यांदा वाटलं, योगायोग. मी पुन्हा लावले. टिंग. मी मुद्दाम थोडं थांबलो, मग लावले. टिंग. मी पत्ते टाकले, आणि केबिनमधून एक बारीकसं हसू आलं. दाबलेलं, नाकातून निघालेलं. खिक्.

मी इर्शादकडं पाहिलं. इर्शादनं छताकडं पाहिलं.

आता धंद्याची रचना बघा. शेठच्या पैशावर मी खेळतो, शेठ मोबाइलवरून मला ब्लफ मारतात, मी पत्ते टाकतो, शेठ जिंकतात. एका खिशातला पैसा दुसऱ्या खिशात, मधल्या मधे ॲपवाली कंपनी आपलं कमिशन कापून घेते. मोठमोठे उद्योगपती याला वेगळं नाव देतात म्हणे.

बरं, मला कळायचं की ते ब्लफ मारतायत. शेठजवळ खरोखर पत्ते असले की ते वेळ घ्यायचे आणि थोडेच लावायचे. काही नसलं की लगेच आणि भरपूर. माझ्या हातात चांगली जोडी असायची, एखादी पत्त्यांची रांगसुद्धा असायची. पैसे भरले की जिंकलो. पण भरले की पत्ते उघडणार, सगळ्या टेबलाला दिसणार, चॅटमध्ये लोक हसणार, की सुक्या बोंबलाकडं काहीच नव्हतं. ते वाचणारा माणूस माझ्यापासून चार पावलांवर, काचेपलीकडं. ज्या माणसानं मला खुर्ची दिली, त्याला मी त्याच खुर्चीत बसून उघडा पाडू?

आणि ते हसू. शेठना तेवढं सोडलं तर काहीच नव्हतं हो. जमिनी गोदामांना गेल्या, त्यांच्या दोन्ही मुलांनी भाडेकरूंचं, वकिलांचं, सगळं हातात घेतलं, शेठनी काही सांगितलं की ती म्हणायची, "तुमी आराम करा, बाबा." दिवसभर आराम करून माणूस किती थकतो ते मी त्यांच्याकडं बघून शिकलो. दिवसातून एखाद्या वेळी ते कोणावर तरी मात करत होते, मग तो कोणी मी असेना. मी पत्ते टाकत राहिलो. खिक् ऐकत राहिलो. कृतज्ञता म्हणतात ती हीच असावी, मला कोणी शिकवलेली नाही.

याचा व्हायचा तो परिणाम झाला. आठवड्याच्या शेवटी सगळ्यांचा आकडा बघितला जायचा, आणि माझा आकडा घसरत चालला. शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर डबा होता, सुक्या बोंबलाची चटणी अर्धी उरलेली. माणसानं टोपणनाव घ्यावं तर निदान जेवणात तरी ते दिसू देऊ नये.

"काय झाला रं तुना? आदी हरत न्हवतास."

"पत्ते येत नाहीत, शेठ."

"पत्ते येतात. तू भितंस. कोन जरा लावला का टाकतंस. मी बगतोय ना."

बघताय हे खरंच, असं मनात आलं. ओठावर आलं नाही.

"भिनारा मानूस मना पायजे व्हता," ते म्हणाले, "पन यवरा न्हाय. पोरगं बोलतंय, ही खोली गोदामाच्या हापिसाला देऊ. मी बोललू, चालतंय तवर चालू दे. आता तूच चालवत न्हाय, तं मी त्यांना काय सांगू?" त्यांनी डब्याला झाकण लावलं. "दसऱ्यानंतर तू गावाला जा, परम्या. माझा नाइलाज हाय. खुर्ची इर्शादला दे."

मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हातखंडा आहे. बाहेर येऊन खुर्चीत बसलो आणि दोन्ही हातांनी तिचे हात धरून ठेवले. खुर्ची गेली की मागची खोली गेली. खोली गेली की गाव. गावात वजन न उचलणाऱ्या माणसाला काय काम असतं ते मला माहीत होतं, आमचा एक काका पारावर बसून तेच करायचा. आणि आईनं तर गल्लीत कॉम्प्युटरबद्दल सांगून ठेवलेलं.

खाली टपरीवर इर्शादनं चहा पाजला. म्हणाला, "परमभाई, जिसके पैसे से तू खेलता है, उसी को जिताता है, और वही तुझे हारने के लिए निकालता है. ऐसा कारोबार तो हमने लूम पे भी नहीं देखा."

"मग काय करू?"

"कॉल मार दे. पत्ता खुल जाएगा, सबको दिखेगा."

"सगळ्यांना दिसेल तेच तर नको."

"तो सेठ को जाके बोल दे, हमको मालूम है."

"तू बोल ना."

"मेरे बाल-बच्चे हैं, भाई." त्यानं ग्लास ठेवला. "वैसे कुर्सी अच्छी है वो. मैं लूँगा नहीं, मगर अच्छी है."

मी विचार केला. पैसे भरून जिंकलो तर शेठची अब्रू जाते. टाकत राहिलो तर माझी खुर्ची जाते. दोघांचंही राहील आणि कोणाचेच पत्ते उघडणार नाहीत असा एकच रस्ता होता: शेवटच्या पत्त्यावर शेठना पत्ते टाकायला लावणं. म्हणजे ज्या गोष्टीपासून मी इतकी वर्षं चार हात लांब राहिलो तीच. आणि मग माझ्या लक्षात आलं की माझ्या तीन अटी आयुष्यात पहिल्यांदा एकाच माणसाशी जुळतायत. शेठना पत्ते वाचता येत होते, मला त्यांनीच शिकवलं होतं. गोष्ट मी सांगू शकत होतो. आणि मी खोटं बोलायला धजणार नाही याची भिवंडीत जर कोणाला खात्री असेल, तर ती त्यांनाच होती. नुकतीच त्यांनी ती मला ऐकवली होती.

दुपारची वेळ. पंखा फिरत होता, खाली रस्त्यावर रिक्षावाले भांडत होते. टेबलावर सहाजण, त्यात निवांत आणि सुका बोंबील. मधे पहिले तीन पत्ते उघडले: बदामची राणी, बदामची सत्ती, किलवरची दुर्री. सुक्या बोंबलानं लावले. बाकीचे गेले. मी तेवढेच भरले. जो माणूस इथं नुसता भरतो तो सांगत असतो की माझ्याकडं दोन बदाम आहेत, आणखी एकाची वाट बघतोय, म्हणजे पाच बदामांचा कलर होईल. चौथा आला चौकटचा राजा. त्यानं पुन्हा लावले, मी पुन्हा भरले. गोष्ट तीच, वाट बघतोय.

पाचवा पत्ता: बदामची तिर्री.

सुक्या बोंबलानं वेळ घेतला. थोडेच लावले. म्हणजे आज त्यांच्याकडं खरोखर काहीतरी होतं. राजाची जोडी असेल, कदाचित त्याहून बरं. शेजारून इर्शाद माझ्या स्क्रीनकडं वळला. मी त्याला हातानं परत वळवला. मग मी ते बटण दाबलं, जे मी आजवर कधीच अशा वेळी दाबलं नव्हतं. समोरचं सगळंच्या सगळं मधे सरकलं.

टिंग.

हसू आलं नाही. काहीच आलं नाही. स्क्रीनवर सुक्या बोंबलाच्या नावाभोवतीची हिरवी रेघ हळूहळू कमी होऊ लागली. ती संपली की पत्ते आपोआप पडतात. जास्तीचा वेळ मागून घ्यायचं एक बटण असतं, ते त्यानं दाबलं. रेघ पुन्हा भरली.

आणि केबिनचं दार उघडलं.

शेठ बाहेर आले. एक हात पाठीमागं, त्यात मोबाइल. माझ्या स्क्रीनकडं त्यांनी बघितलं नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. दोन पावलं पुढं आले असते तर माझे पत्ते दिसले असते. ते बाजूला, खिडकीशी, मला तोंड दिसेल असे उभे राहिले.

"च्या घेतलास का?"

"हो, शेठ."

"बरा व्हता?"

"बरा होता."

ऑनलाइन पोकरमध्ये समोरच्याचा चेहरा दिसत नाही, हा या खेळाचा मोठा दोष सांगतात. शेठनी तो दोष दूर केला होता. चहाच्या निमित्तानं ते माझा चेहरा वाचायला आले होते. इर्शाद आपल्या स्क्रीनमध्ये इतका घुसला की फक्त कान बाहेर राहिले.

"हात का कापतात रं तुझं?"

मी हातांकडं बघितलं. कापत होते.

"कापतातच, शेठ. नेहमी."

हे खरं होतं. माझे हात एक्क्यांची जोडी असताना कापायचे, काही नसताना कापायचे, आईचा फोन आला तरी कापायचे, शेठनी जेवलास का विचारलं तरी कापायचे. माझ्या चेहऱ्यावर बारा महिने एकच भाव असतो, कोणीतरी मला आत्ता इथून उठवेल असा. लोक म्हणतात पोकर खेळायला चेहरा दगडाचा लागतो. चुकीचं आहे. चेहरा कायम घाबरलेला असला तरी चालतं, फक्त त्यात खंड पडता कामा नये.

शेठ बघत राहिले. खूप वेळ नसेल, रेघ तेवढी मोठी नसते. मग आत गेले. दार लागलं.

मला माहीत होतं त्यांना काय वाटत असेल. जन्मभर त्यांनी शो मागितला होता. मांडवात, जागरणात, कोर्टातसुद्धा, भावकीच्या केसमध्ये. पैसे भर आणि बघ. एक बोट दाबलं की झालं. रेघ केसाएवढी उरली.

सुका बोंबील: फोल्ड.

केबिनमधून हसू आलं नाही, शिवीही आली नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला फक्त. इर्शादनं मान न वळवता विचारलं, "क्या था?" मी म्हणालो, "गप."

तास उलटला असेल. शेठ बाहेर आले, घरी निघाले होते. दारात चपला घालता घालता म्हणाले, "परम्या, दसऱ्यानंतर खोलीला रंग मारायचा हाय. तुझी खुर्ची जरा हलव तवा. डाग परतील."

मी मान डोलावली. गावाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

सुका बोंबील माझ्या टेबलावर परत बसला नाही. इतरांच्या टेबलावर बसून शो मागत राहिला. मात्र शेठना एका गोष्टीनं पोखरायला घेतलं होतं, ते दिसत होतं. विचारायचं होतं, पण विचारायचं तर आपण कोण ते कबूल करावं लागलं असतं. मधूनच माझ्याजवळ यायचे.

"काय रं, समज, एकाद्याला शेवटी बदाम आला..."

"कोणाला, शेठ?"

"कोनाला न्हाय. काम कर."

मग सरकारनं पैशाचे ऑनलाइन खेळच बंद केले. आमचा धंदा असा गेला की निरोपाचा चहासुद्धा झाला नाही. टेबलंच दिसेनाशी झाली. घोडे पांगले. इर्शाद लूमवर परत गेला, म्हणाला, इथं निदान आवाज तरी आहे. मी माडीवर एकटा बसून वायरी गुंडाळत होतो आणि गावाकडची गाडी कुठून सुटते याचा विचार करत होतो. कायद्याला ब्लफ मारता येत नाही. त्याच्याजवळ खूप वेळ असतो.

शेठ जिना चढून आले. इर्शादच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. मोबाइल काढून मांडीवर ठेवला.

"बंद झाला ना सगला," ते म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, "माझा पन बंद झाला."

मी वायर गुंडाळत राहिलो.

"तुमाला माहीत व्हता."

"हो, शेठ."

"सगल्यांना?"

"इर्शादला आणि मला."

त्यांनी मान हलवली. "त्या दिवशी..." म्हणाले आणि थांबले. मी वायर खाली ठेवली. सांगायला तोंड उघडलं.

त्यांनी हात वर केला. "न्हाय. सांगू नको. सांगितलास तं दोनातली एक गोष्ट होईल. न्हाय तं मी मूरख ठरीन, न्हाय तं तू घाबरट. मना दोनी नको."

जन्मभर दाखव दाखव म्हणणारा माणूस समोर बसून दाखवू नको म्हणत होता. माझे हात कापत होते, पण ते तर कापतातच.

मग ते उठले. "कशेलीच्या गोदामावर गेटला मानूस पायजे. बसून करायचा काम हाय. डायवर येतात, दहा गोष्टी सांगतात, खरा कोन बोलतो खोटा कोन, ता बगायचा. पोरांना मी बोललू, तिथं माझा मानूस बसंल." आणि खुर्चीकडं बोट दाखवून, "ही घेऊन चल. तिथली लोखंडी हाय."

खुर्ची जिन्यावरून उतरवताना मला वजन उचलायला मनाई म्हणून शेठनी खालची बाजू धरली. मी नुसता वरून हात लावून होतो. त्या वयात, त्या अरुंद जिन्यात, चाकांची खुर्ची छातीशी धरून ते एक एक पायरी उलटे उतरत होते आणि मलाच म्हणत होते, "संभालून. परशील."

आता मी त्या गेटवर असतो. हा दिवाळी अंक छापून आला की त्याचे गठ्ठे याच गोदामात उतरतात. संपादक मागच्या खेपेला गठ्ठे बघायला आले होते, गाडी अडकल्यामुळे माझ्याजवळ बसले, आणि हे सगळं ऐकून म्हणाले, लिहा. लिहिलं. वाचून त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? त्या दिवशी तुमच्या हातात काय होतं. इर्शाद तर अजून दर शुक्रवारी चहाला येतो आणि जाताना तेच विचारतो. तुम्हीही विचारणार, माहीत आहे मला. तुम्हीही तीन पत्तीवरच वाढलेले.

पण शो मागायचा हक्क एकाच माणसाला होता, आणि त्यानं पत्ते टाकले.